बातमीची उघाडी

पेण तालुक्याचा पश्चिमेकडील भाग धरमतरच्या खाडीला लागून आहे. खाडीचें खारें पाणी भातशेतींत शिरूं नये म्हणून तेथील शेतकऱ्यांनीं पिढ्यानुपिढ्या मातीचे बांध घातले आणि त्या बांधांत ठिकठिकाणीं उघाड्या ठेवल्या. भरतीचें पाणी चढूं लागलें कीं उघाडीचें दार त्या पाण्याच्याच दाबानें मिटतें. ओहोटी लागली कीं शेतांत सांठलेलें पावसाचें पाणी तेंच दार लोटून खाडींत उतरतें. रचना अगदीं साधी. परंतु दारांत गाळ अडकला किंवा फळी कुजली, तर एका उधाणांत खारें पाणी आंत येऊन सबंध हंगाम वायां जातो. बांध एकदां घालून भागतो. उघाडीकडे मात्र रोज लक्ष ठेवावें लागतें.

बातमीचेंहि असेंच आहे. तिला वाट करून देणें हें एकदांचें काम, आणि ती वाट मोकळी ठेवणें हें रोजचें. पेण आणि रोहें या दोन तालुक्यांत या गोष्टीला निव्वळ दृष्टांतापेक्षां अधिक महत्त्व आहे. रोहें शहरावरून कुंडलिका वाहते व रेवदंड्याच्या खाडीला मिळते. रोहें तालुक्यांतीलच नागोठण्यावरून अंबा वाहते व धरमतरच्या खाडीला मिळते. दोन्ही नद्या सह्याद्रींतून उतरतात. त्यांची लांबी थोडी आणि वरच्या अंगास उतार मोठा. घाटांत पाऊस कोसळला कीं थोड्याच तासांत तें पाणी खालच्या गांवांत येतें, आणि त्याच वेळीं खाडीला भरती असली तर तें ओसरण्यास वाट मिळत नाहीं. जुलै १९८९ मध्यें अंबेला आलेल्या महापुरानें नागोठण्याच्या वरच्या बाजूस, सुधागड तालुक्यांत असलेलें जांभूळपाडा हें गांव उद्ध्वस्त केलें आणि अनेकांचे प्राण घेतले. अशा नद्यांच्या कांठीं राहणाऱ्या माणसाला पाण्याच्या आधीं पाण्याची बातमी मिळाली पाहिजे. मागाहून आलेल्या बातमीचा त्याला उपयोग नसतो.

बातमी वेळेवर, आणि मुळांत ती जेथें निघाली तेथूनच, वाचकापर्यंत कशी पोंचवावी, या जुन्या प्रश्नाला १९९९ पासून एक साधें उत्तर मिळालेलें आहे. त्याचें नांव आर.एस.एस. फीड. आपल्याकडे या तीन अक्षरांचा दुसराच अर्थ रूढ आहे; त्याच्याशीं येथें कांहीं संबंध नाहीं.

या उत्तराची थोरवी कळावयाची तर आधींचे प्रयत्न आठवले पाहिजेत. दवंडीचा आवाज गांवाच्या वेशीपर्यंत पोंचे. टपालाला दिवस लागत. तारेनें तो अवधि तासांवर आणि मिनिटांवर आणला, पण तार ज्याच्या नांवें आली त्यालाच मिळे. तारेच्या जोरावर वर्तमानपत्रांना बातम्या पुरविणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. रॉयटर यांनीं १८५१ सालीं लंडन येथें आपली कचेरी थाटली. स्वतंत्र भारताची प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया १९४९ पासून काम करूं लागली. एकदां लिहिलेला मजकूर अनेकांना एकाच वेळीं मिळावा, ही कल्पना या संस्थांनीं रुजविली. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस नभोवाणीचें केंद्र सुरू झालें, आणि शब्द थेट घरांत येऊं लागला. मात्र ऐकणारा त्या घटकेला यंत्राजवळ असावा लागे. घटका चुकली कीं भाषणहि चुकलें.

इंटरनेटवर संकेतस्थळें झालीं तेव्हां अडचणीचें रूप पालटलें. मजकूर आतां आपल्या जागीं थांबून राहूं लागला. वाचक मध्यरात्रीं आला तरी तो त्याला मिळे. पण नवा मजकूर आला आहे हें वाचकाला कळावें कसें? वीस संकेतस्थळांची आवड असलेल्या माणसानें रोज वीस दारें ठोठवावीं आणि त्यांतील पंधरा ठिकाणीं कालचेंच पान पाहून परतावें, असा तो प्रकार होता.

अनेक ठिकाणचा मजकूर एका वाटेनें न्यावयाचा तर सर्वांचें माप एक असावें लागतें. याचें उदाहरण रोह्याच्या स्टेशनांत उभे राहिल्यास दिसतें. कोंकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून धरला गेला. तेथवरची वाट मध्य रेल्वेची आणि पुढची कोंकण रेल्वेची, अशी वांटणी झाली. तरीहि मुंबईकडून आलेली गाडी रोह्यास रिकामी करून माल दुसरीकडे चढवावा लागला नाहीं. दोन्हींकडील रुळांमधील अंतर तेंच, म्हणजे १,६७६ मिलिमीटर, ठेवलेलें होतें. हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजीं सबंध खुला झाला. त्यानंतर पंधराच दिवसांनीं, १० फेब्रुवारी १९९८ रोजीं, वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें एक्स.एम.एल. नांवाची लेखनपद्धति प्रसृत केली. या पद्धतींत मजकुराच्या प्रत्येक भागाला त्याची ओळख सांगणारी खूण असते: हा मथळा, ही तारीख, हा पत्ता. ती खूण कोणत्याहि संगणकाला वाचतां येते. बातम्यांच्या गाड्यांना समान रूळ मिळाले ते असे.

त्यांवरून पहिली गाडी मार्च १९९९ मध्यें अमेरिकेंतील नेटस्केप कंपनीनें सोडली. वाचकानें आपल्या आवडीचीं संकेतस्थळें निवडावीं आणि त्यांचे ताजे मथळे त्याला एकाच पानावर दिसावेत, अशी ती योजना होती. तिच्यासाठीं रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनीं फीडची पहिली रचना बसविली. यांपैकीं गुहा हे मद्रासच्या आय.आय.टी.चे पदवीधर होत. आरंभीं आर.एस.एस. या अक्षरांचा विस्तार आर.डी.एफ. साइट समरी असा होता. त्याच वर्षाच्या जुलैंत रचना सोपी झाली आणि नांव रिच साइट समरी असें झालें. पुढें रिअली सिंपल सिंडिकेशन, म्हणजे खरोखर सोपा पुरवठा, हें नांव रूढ झालें.

फीड ही वस्तु खरोखरच सोपी आहे. संकेतस्थळानें आपल्या दाराशीं ठेवलेली ती एक लहानशी यादी असते. यादीच्या डोक्यावर संकेतस्थळाचें नांव, पत्ता आणि थोडक्यांत परिचय. खालीं सर्वांत नव्या लेखांची नोंद, प्रत्येकाचा मथळा, सारांश, पत्ता, प्रसिद्धीची वेळ आणि एक कायमची खूण. वाचकाच्या संगणकावरील किंवा मोबाईलवरील वाचन-साधन ठराविक वेळानें या यादीकडे फेरी मारतें, ओळखीच्या खुणा सोडून देतें आणि अनोळखी दिसेल तेवढें वाचकापुढें ठेवतें. यादी बदललेली नसेल तर संकेतस्थळ तेवढेंच सांगून मोकळें होतें. सबंध मजकूर पुन्हां धाडावा लागत नाहीं. वाचकाला आपलें नांव किंवा पत्ता कोणालाहि द्यावा लागत नाहीं. काय वाचावें, कोणत्या क्रमानें वाचावें आणि केव्हां सोडावें, हें तोच ठरवितो.

इतक्या सोप्या वस्तूवरहि तंटा झालाच. डिसेंबर २००० मध्यें एका मंडळानें १.० ही विस्तृत रचना प्रसिद्ध केली. या मंडळांत ॲरन स्वार्ट्झ हा अवघ्या चौदा वर्षांचा मुलगा होता. त्याच महिन्यांत डेव्ह वायनर यांनीं ०.९२ ही साधी रचना पुढें मांडली. वायनर यांची २.० ही आवृत्ति सप्टेंबर २००२ मध्यें आली व जुलै २००३ मध्यें ती हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन केंद्राकडे सोंपविण्यांत आली. दोन्ही बाजूंना कंटाळलेल्या लोकांनीं ॲटम ही तिसरी रचना केली. ती डिसेंबर २००५ मध्यें प्रमाण ठरली. आजचीं वाचन-साधनें बहुधा या सर्व रचना ओळखतात, त्यामुळें वाचकाला या भांडणाची झळ लागत नाहीं.

फीडचा घरोघर प्रसार केला तो मजकूर सांभाळणाऱ्या यंत्रणांनीं. त्यांना कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम, थोडक्यांत सी.एम.एस., म्हणतात. संगणकाची भाषा न येणाऱ्या माणसालाहि लेख लिहून प्रसिद्ध करतां यावा, हें त्यांचें काम. २७ मे २००३ रोजीं प्रसिद्ध झालेली वर्डप्रेस ही त्यांतील सर्वांत फैलावलेली. लेखकानें प्रसिद्धीचें बटण दाबलें कीं लेख पानावर चढतो आणि त्याच क्षणीं फीडमध्येंहि नोंद होते. वायनर यांच्या रचनेंत मजकुराबरोबर आवाजाची फाईल जोडण्याचीहि सोय होती. तिच्यांतून पॉडकास्ट जन्मले, आणि नभोवाणीवरील भाषणाची चुकलेली घटका श्रोत्याला परत मिळाली.

मराठीला या सोयीचा पुरता लाभ होण्यास कांहीं काळ जावा लागला. त्या वेळच्या अनेक मराठी संकेतस्थळांवर ज्याचा त्याचा टंक असे. पानावर 'क' दिसला तरी आंत तो एखाद्या रोमन अक्षराच्या जागीं बसविलेला असे. टंक उतरवून घेतलेल्या वाचकाला पान नीट दिसे; परंतु फीडमधून तोच मजकूर दुसरीकडे गेला कीं त्याची अक्षरांची खिचडी होई. देवनागरीला युनिकोडमध्यें १९९१ सालींच स्थान मिळालें होतें आणि एक्स.एम.एल.चा पायाहि युनिकोडचाच होता. जसजशीं मराठी संकेतस्थळें युनिकोडवर आलीं, तसतशी मराठी बातमी या रुळांवरून न अडखळतां धांवूं लागली. समान मापाची किंमत मराठी वाचकानें अशी स्वानुभवानें ओळखली.

वाट दुसऱ्याच्या आवारांतून जात असली तर काय होतें, याचेहि दोन धडे या इतिहासांत आहेत. ०.९१ या रचनेचे नियम सांगणारी एक फाईल नेटस्केपच्या संकेतस्थळावर होती, आणि जगांतील असंख्य फीडें तिच्याकडे बोट दाखवीत. जानेवारी २००७ मध्यें संकेतस्थळाची फेररचना होतांना ती फाईल नाहींशी झाली आणि अनेक फीडें एकाएकीं वाचतां येईनाशीं झालीं. ती तात्पुरती परत ठेवण्यांत आली, पण धडा मिळून चुकला. दुसरा धडा गूगल रीडरचा. २००५ पासून असंख्य लोक आपल्या साऱ्या फीडांची यादी या एकाच साधनांत ठेवीत. १ जुलै २०१३ रोजीं कंपनीनें तें बंद केलें. योगायोग असा, कीं त्याच महिन्याच्या मध्यावर भारतांतील तारसेवाहि कायमची बंद झाली. मात्र दोहोंत एक फरक होता. तार बंद झाली तेव्हां तिची वाटच संपली. रीडर बंद झाला तेव्हां फीडें जागच्या जागीं होतीं. ज्यांनीं आपली यादी उतरवून घेतली होती ते दुसऱ्या साधनाकडे वळले आणि त्यांचें वाचन पुढें चालू राहिलें.

येथवर झाली ती बांध घालण्याची कथा. आतां उघाडीकडे वळावें. समजा, रोह्यांतील एखाद्या संस्थेनें पावसाळ्यांत कुंडलिकेच्या आणि अंबेच्या पातळीच्या सूचना आपल्या संकेतस्थळावर देण्याचें ठरविलें. वर्डप्रेस घेतली, फीड आपोआप तयार झालें, आणि काम झालें असें वाटून सर्वजण घरीं गेले. नेमकें येथूनच काम सुरू होतें.

पहिली गोष्ट संख्येची. वर्डप्रेसच्या फीडांत मुळांत शेवटच्या दहाच नोंदी राहतात. अतिवृष्टीच्या दिवशीं पंचवीस सूचना निघाल्या तर दिवसांतून एकदां फेरी मारणाऱ्या साधनाला पहिल्या पंधरा दिसतच नाहींत. ही संख्या मांडणींत वाढवितां येते. तेथेंच सबंध मजकूर द्यावा कीं सारांश, हेंहि ठरवितां येतें. सूचनेच्या बाबतींत सबंध मजकूर देणेंच इष्ट, कारण पावसांत क्षीण झालेल्या जोडणीवर दुसरें पान उघडेल याचा भरवसा नसतो.

दुसरी गोष्ट वेळेची. यंत्रणेंत भारतीय वेळ लावली नाहीं आणि ती ग्रीनिचच्या वेळेवरच राहिली, तर सकाळीं ६ वाजतां प्रसिद्ध व्हावी म्हणून रात्रीं लावून ठेवलेली सूचना साडेअकराला बाहेर पडते. साडेपांच तासांत अंबेचें पाणी कोठल्या कोठें जातें.

तिसरी गोष्ट ओळखीची. सूचना बदलली म्हणून जुन्याच लेखांत दुरुस्ती केली, तर त्याची कायमची खूण तीच राहते, आणि पुष्कळ वाचन-साधनें तो लेख वाचलेला समजून सोडून देतात. म्हणून बदललेली सूचना नवा लेख म्हणूनच प्रसिद्ध करावी, आणि जुनीवर ती रद्द झाल्याचें लिहावें. तसेंच संकेतस्थळाचा पत्ता बदलला, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वाट वळवून ठेवावी. नाहीं तर जुने वाचक बंद दाराशीं उभे राहतात आणि आपल्याला कांहीं मिळत नाहीं हें त्यांना समजतहि नाहीं.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक. फीड स्वतः चालत येत नाहीं. त्याला बोलवावें लागतें. एखाद्या संकेतस्थळानें दुसऱ्याचें फीड आपल्या पानावर दाखविलें, तर प्रत्येक वाचकागणिक मूळ ठिकाणीं फेरी मारावी लागूं नये म्हणून यंत्रणा एकदां आणलेली प्रत कांहीं काळ जपून ठेवते. वर्डप्रेसमध्यें हा काळ मुळांत १२ तासांचा आहे. लेख, परीक्षणें, पाककृति यांना तो पुरेसा आहे. पण त्याच पेटींत पुराची सूचना लावली, तर पान उघडणाऱ्याला पहांटेची शांत नदी सायंकाळींहि शांतच दिसेल. पान उघडतें, अक्षरें स्वच्छ असतात, कोठेंहि चूक दिसत नाहीं, आणि मजकूर मात्र शिळा असतो. कोऱ्या पानापेक्षां असें पान अधिक धोक्याचें. कारण कोरें पान पाहून माणूस चौकशी तरी करतो. हा काळ कमी करणें यंत्रणेंत अवघड नाहीं, परंतु तो आहे हें कोणाला तरी ठाऊक असलें पाहिजे. प्रसिद्ध होतांच मजकूर वाचकाकडे ढकलणारी वेबसब ही रीत जानेवारी २०१८ मध्यें प्रमाण ठरली आहे; तीहि दोन्ही बाजूंनीं लावून घ्यावी लागते.

धोक्याच्या सूचनांसाठीं याहून काटेकोर रचना हवी, हें जगांत लौकरच ओळखलें गेलें. कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल नांवाचा सूचनेचा समान नमुना २००४ सालीं मान्य झाला आणि २००७ मध्यें आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानेंहि तो स्वीकारला. या नमुन्यांत सूचना खरी कीं सरावाची, नवी कीं सुधारलेली कीं रद्द करणारी, धोका किती तीव्र, तिची मुदत केव्हां संपते आणि ती नकाशावरील नेमक्या कोणत्या भागासाठीं आहे, यांची वेगवेगळी नोंद असते. एकाच सूचनेंत अनेक भाषांतील मजकूर राहूं शकतो. भारतांत राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणाची सचेत ही यंत्रणा याच नमुन्यावर उभी आहे. तिची बांधणी सी-डॉट या सरकारी संस्थेनें केली. सूचना एकदांच लिहिली जाते आणि निरनिराळ्या वाटांनीं जाते. त्यांतील एक वाट आर.एस.एस. फीडची आहे. २०२३ सालीं देशभर मोबाईलवर जो कर्कश चाचणी-इशारा वाजला, तो वेगळ्या वाटेचा, पण त्याच उद्योगाचा भाग होता.

या साधनाची मर्यादाहि रायगडनें पाहिली आहे. ३ जून २०२० रोजीं दुपारीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. हवामानखात्याच्या सूचना आधीं निघाल्या होत्या, आणि किनाऱ्यावरील लोकांना हलविण्यांतहि आलें होतें. वादळानंतर मात्र जिल्ह्याच्या मोठ्या भागांत वीज नव्हती, दूरध्वनि नव्हता, आणि कित्येक गांवांत ही स्थिति दिवसेंदिवस टिकली. अशा वेळीं फीड, संकेतस्थळ आणि मोबाईल हीं सारींच मुकीं होतात. फीडचें काम वादळापूर्वींचें आहे. त्याच्या योगें सूचना गांवांतील एका जागत्या माणसापर्यंत आधीं पोंचली, तर पुढचे शंभर पावलांचें अंतर दवंडीनें, देवळाच्या कर्ण्यानें किंवा दार ठोठावूनहि कापतां येतें. बॅटरीवर चालणारा रेडिओ अशा वेळीं अजूनहि उपयोगी पडतो.

म्हणून ज्या शाळेनें, ग्रंथालयानें, ग्रामपंचायतीनें किंवा मंडळानें आपलें संकेतस्थळ केलें असेल, तिनें एका माणसाकडे एक लहान काम नेमून द्यावें. आठवड्यांतून एकदां, आणि पावसाळ्यांत रोज, त्यानें बाहेरच्या वाचकाप्रमाणें आपलेंच फीड उघडावें. शेवटची नोंद केव्हांची आहे, वेळ बरोबर आहे काय, अक्षरें नीट दिसतात काय, पत्ता उघडतो काय, एवढें पाहावें. या कामाला पांच मिनिटें लागतात आणि त्याबद्दल कोणी शाबासकी देत नाहीं. धरमतरच्या बांधावर ओहोटीच्या वेळीं उघाडीशीं वांकून गाळ काढणाऱ्या माणसालाहि ती कोणी दिलेली नाहीं. त्याच्या मागें शेत मात्र हिरवें राहिलेलें असतें.